हजार पानांचा ठोकळा घ्यावा का? चीनला आपलं आपण जाणाऱ्या दांपत्याला उत्तर

नाशिकच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याने विचारलंय: टूर कंपनीच्या झेंड्यामागे न जाता, आपलं आपण, अठरा दिवस चीन पाहायचाय. सप्टेंबरच्या शेवटी निघायचा बेत आहे. दुकानात चीनचं इंग्रजी गाइडबुक चाळून पाहिलं, हजारेक पानांचा ठोकळा, किंमतही तशीच. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता कोण वाचतं हे? फोनमध्ये सगळं आहे.’ तर घ्यावं की नको? सोबत यादी जोडली आहे: बीजिंग, चीनची भिंत, शीआन, दुनहुआंग, ल्हासा, चेंगदूचे पांडा, क्वेलिनचे डोंगर, शांघाय.

घ्या. पण नेऊ नका. निघायच्या दोन-तीन महिने आधी विकत घ्या, जेवण झाल्यावर रोज वीस पानं वाचा, पेन्सिलीने खुणा करा, आणि निघताना ते कपाटात ठेवून जा. मुलाचंही बरोबर आहे आणि तुमचंही. दोघं वेगवेगळ्या कामांबद्दल बोलताय एवढंच.

मी २००४ पासून चीनला जाते-येते. मूळ काम दुभाष्याचं, पुण्याच्या कारखानदारांबरोबर यंत्रं बघायला जायचं. पण गेली काही वर्षं ओळखीपाळखीतल्या लोकांना प्रवास आखून देणं हाही अर्धा व्यवसाय झालाय. माझ्याकडे चीनची चार गाइडबुकं आहेत, वेगवेगळ्या काळातली. एकाची पाठ सुटलेली, एकाचा युन्नानचा भाग ब्लेडने कापून कोणाला तरी दिलेला. तेव्हा जे सांगते आहे ते या चारांशी झालेल्या भांडणांतून.

आधी तुमच्या यादीकडे बघू. बीजिंग ते ल्हासा रेल्वेने ३,७५७ किलोमीटर, चाळीसेक तास. दुनहुआंग गोबीच्या काठावर वायव्येला, क्वेलिन दक्षिणेला, शांघाय पूर्वेच्या समुद्राशी. क्षेत्रफळ सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर, आपल्या जवळजवळ तिप्पट, आणि घड्याळ मात्र देशभर एकच. पश्चिम टोकाच्या काशगरला उन्हाळ्यात रात्री दहाला ऊन असतं ते त्यामुळेच. अठरा दिवसांत ही आठ ठिकाणं म्हणजे आठ विमानतळ पाहणं झालं.

आणि इथेच मला पुस्तक हवं वाटतं. फोनला तुम्ही ‘क्वेलिन कसं आहे’ विचारलंत तर तो सुंदरच म्हणणार, शंभर फोटो दाखवणार. ‘ल्हासा कसं आहे’ विचारलंत तर तेही सुंदर. प्रत्येक जागा आपापल्या पानावर अप्रतिमच असते. ‘तुमच्या अठरा दिवसांत हे बसत नाही, सोडा’ असं तो आपणहून सांगत नाही. पुस्तकाला पानं मोजून मिळालेली असतात. कोणीतरी बसून ठरवलेलं असतं की या शहराला चाळीस पानं, त्याला अर्धं पान, आणि तिसऱ्याचं नावच नाही. एवढ्या प्रचंड देशाबद्दल कोणी तरी आधीच नाही म्हणून ठेवलंय, ही मोठी सोय असते. तुम्हाला तो निवाडा पटायलाच हवा असं नाही. पण भांडायला समोर काहीतरी असावं लागतं.

सुरुवातीची ‘केव्हा जावं’ची पानं लोक उलटून पुढे जातात. तुम्ही तिथेच थांबा, कारण तुमच्या बेतातली सगळ्यात मोठी चूक तिथे सापडेल. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, आणि पुढचा आठवडा अख्खा देश सुट्टीवर. आपल्याकडे गणपतीत कोकणच्या गाड्यांची जी गत होते ती देशभर, सगळ्या दिशांना एकदम. सप्टेंबरअखेरीला निघालात तर बरोबर त्यात सापडाल. १० ऑक्टोबरनंतर निघा. हे फोनलाही माहीत असतं, पण त्याला विचारावं लागतं, आणि जे माहीतच नाही ते माणूस विचारणार कसं?

आता याच गुणाची दुसरी बाजू. पुस्तकाने जे गाळलं ते तुम्हाला दिसतच नाही, आणि रेल्वेला मात्र ते सगळं माहीत असतं.

२०१३ ची गोष्ट. मी चिनान शहरात होते आणि सूचौला पोचायचं होतं. सूचौ म्हणजे शांघायजवळचं, जुन्या बागांसाठी जगप्रसिद्ध. तिकीट खिडकीवर घाईघाईत म्हटलं, ‘सूचौ, पहिली जी असेल ती.’ तिकीट घेतलं, धावत गाडी पकडली, डोळा लागला. उठले तर उतरायची वेळ झालेली, इतक्या लवकर कशी म्हणून जरा नवल वाटलं, पण पाटीवर ‘सूचौ’ होतं म्हणून उतरले. बाहेर गव्हाची शेतं. कालवे नाहीत, बागा नाहीत, शहरसुद्धा नाही. चीनमध्ये रोमन लिपीत तंतोतंत सारखी लिहिली जाणारी दोन सूचौ आहेत: एक बागांचं, च्यांगसू प्रांतातलं, दुसरं आन्ह्वी प्रांतातलं. चिनी अक्षरं वेगळी, उच्चारातला सूर वेगळा, एकाचा सपाट, दुसऱ्याचा वरून खाली आपटणारा. आणि नशीब असं की दोन्ही एकाच बीजिंग–शांघाय जलद मार्गावर, चारशेहून अधिक किलोमीटरच्या अंतराने. खिडकीवर घाईत माझा सूर घसरला होता. दुभाषी म्हणवणारी बाई! खिडकीतल्या मुलीने मला जे म्हटलं तेच दिलं होतं, तिची काय चूक. मी मात्र तिकिटावरची अक्षरं न वाचता फक्त रोमन पाहिलं.

संध्याकाळी हॉटेलात पोचल्यावर पुस्तकाची सूची उघडली. तिथे सूचौ एकच होतं. आन्ह्वीच्या सूचौत परदेशी माणसाने बघण्यासारखं काही नाही, म्हणून ते नव्हतंच. हे बरोबरच आहे, पण त्यामुळेच मी फसले. म्हणून तुम्हाला सांगते: स्टेशनाचं नाव रोमनमध्ये कधीच तपासू नका. चिनी अक्षरं कागदावर मोठी लिहून घ्या आणि तिकिटाशी चित्रासारखी जुळवा. अक्षरं वाचता यायला नकोत, एकसारखी दिसतात का एवढंच बघायचं. शिवाय शेपूटही बघायचं. ‘बेई’ म्हणजे उत्तर, ‘नान’ दक्षिण, ‘तोंग’ पूर्व, ‘शी’ पश्चिम. एकेका शहरात तीन-तीन, चार-चार स्टेशनं असतात, आणि जलद गाड्यांचं बहुधा शहराबाहेरचं. बागांच्या सूचौला जायचं तर जलद मार्गावर ‘सूचौ बेई’, माझं ते गव्हाच्या शेतातलं ‘सूचौ तोंग’.

गाळलेल्या जागांत आपल्या कामाचं काय असतं त्याचं दुसरं उदाहरण म्हणजे शच्याच्वांग. हपै प्रांताची राजधानी, धुराची आणि औषध कारखान्यांची. इंग्रजी पुस्तकं तिला गाडी बदलायची जागा म्हणून दोन ओळींत उरकतात. आणि तिथल्या हुतात्मा स्मारकात आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची समाधी आहे. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. आघाडीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. चिनी लोक त्यांना ‘के तिह्वा’ म्हणतात. जवळच कॅनडाच्या नॉर्मन बेथ्यून यांची समाधी आहे, आणि इंग्रजी पुस्तकात त्या जागेचा उल्लेख झालाच तर तो बहुधा बेथ्यून यांच्यासाठी होतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने विचारलं, कुठल्या? ‘इंदू’ची, म्हणजे भारताची, म्हटल्यावर तो काही न बोलता पुढे चालायला लागला आणि थेट पुतळ्यासमोर नेऊन उभं केलं. ‘के ताइफू,’ म्हणाला. के डॉक्टर. बीजिंगच्या पश्चिम स्टेशनवरून जलद गाडीने शच्याच्वांग सव्वा-दीड तासावर आहे. मराठी माणसासाठी कोणी गाइडबुक लिहिलं असतं तर शच्याच्वांग दोन ओळींत उरकलं नसतं.

यातूनच मुद्दा निघतो की पुस्तक लिहिलंय कोणासाठी. ही इंग्रजी पुस्तकं लंडन, सिडनी, न्यूयॉर्कच्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेली. व्हिसाच्या पानावर हल्ली २४० तासांच्या बिनव्हिसा मुक्कामाची रसभरीत माहिती असते. त्या ५५ देशांच्या यादीत भारत नाही. आपल्याला रीतसर व्हिसा काढावाच लागतो. मध्यंतरी काही वर्षं भारतीयांना पर्यटक व्हिसा मिळतच नव्हता, तो २४ जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू झाला. तेव्हा व्हिसाचं प्रकरण पुस्तकातून वाचूच नका. थेट मुंबईच्या व्हिसा केंद्राच्या सूचना वाचा.

उच्चारांच्या पानाचं तर मला हसूच येतं. इंग्रजी वाचकाला चिनी उच्चार समजावताना त्या बिचाऱ्या लेखकाची दमछाक होते: ‘कॅट्समधल्या शेवटच्या दोन आवाजांसारखा’ वगैरे. आपल्याला याची काहीच गरज नाही. रोमनमध्ये ‘बी’ लिहिलं असेल तर आपला प म्हणा, ‘पी’ असेल तर ओठ मिटून फ. ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. सगळा खेळ अल्पप्राण-महाप्राणाचा, आणि तो आपण बाराखडीबरोबर शिकलोय. मराठी माणसाची तर आणखी चैन: ‘जे’ म्हणजे चिवड्यातला च आणि ‘झेड’ म्हणजे चमच्यातला च. हे दोन च वेगळे ठेवायला हिंदीवाल्यांना शिकवावं लागतं, आपल्याला आई शिकवते. एवढ्या भांडवलावर टॅक्सीवाल्याला रस्त्याचं नाव कळतं, सूर थोडे चुकले तरी. सूचौ सोडून.

खाण्याच्या पानांचंही तेच. ‘शाकाहारींसाठी’ अशी एक चौकट असते, पण ती लिहिणाऱ्याचा शाकाहार आणि तुमचा शाकाहार यांत फरक आहे. पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, टोफूवर खिमा भुरभुरलेला असतो आणि नूडल्सचं पाणी हाडांचं. ‘वो छ सू’, मी शाकाहारी आहे, हे वाक्य पाठ करा, आणि त्यापुढे मांस नको, चरबी नको, हाडांचं सूप नको असं चिनीत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा. ‘ती सान श्येन’ मागा: बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, लसणावर परतलेली. आपल्या घरच्या भाजीची चुलत बहीणच. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं कुठेही मिळतं. मोठ्या बौद्ध मंदिरांच्या आसपास निव्वळ शाकाहारी खानावळी असतात, तिथे कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य असतो, म्हणजे चातुर्मास पाळत असाल तरी अडचण नाही.

आता मुलाच्या बाजूने बोलते, कारण शिळं होण्याच्या बाबतीत त्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे.

पुस्तकासाठी लेखक फिरतो, मग लिहितो, मग छापतात, मग ते नाशिकच्या दुकानात येतं. तोवर वर्ष-दीड वर्ष उलटतं, आणि मग ते दोन-तीन वर्षं विकलं जातं. हळू चालणाऱ्या देशात हे खपून जातं. चीनमध्ये पहिला जलद मार्ग, बीजिंग–थियानचिन, सुरू झाला ऑगस्ट २००८ मध्ये. २०२४ अखेर ४८,००० किलोमीटर झाले होते. माझ्या २०११ च्या पुस्तकात बीजिंग ते शीआन म्हणजे रात्रभराची गाडी, आणि खालचा बर्थ कसा मिळवावा यावर एक परिच्छेद. डिसेंबर २०१२ पासून तेच अंतर पाच-सहा तासांचं झालं, आणि तो परिच्छेद जुन्या पत्रासारखा वाचायचा उरला. २००४ मध्ये मी बीजिंगच्या गल्लीबोळांत पुस्तकातला एक स्वस्त मुक्काम शोधत गेले. नकाशात वाटोळी खूण होती ती बरोबर जागीच होती, फक्त तिथे पत्र्याच्या कुंपणाआड खड्डा होता. ऑलिंपिकच्या आधीची पाडापाडी. शेजारच्या न्हाव्याने मला नकाशा हातात घेऊन उभी पाहिलं आणि खड्ड्याकडे बोट दाखवून मान हलवली. म्हणजे मी पहिली नव्हते.

तेव्हा गाड्या, तिकिटं, हॉटेलं, भाव, वेळा यातलं काहीही पुस्तकावरून ठरवू नका. रेल्वेचं तिकीट साधारण पंधरा दिवस आधी खुलं होतं, पासपोर्ट नंबरावर निघतं, कागदी तिकीट आता नाही; फाटकावर पासपोर्टच दाखवायचा, आणि परदेशी पासपोर्टासाठी बहुतेक ठिकाणी कडेचा, माणूस बसलेला मार्ग असतो. बीजिंगचा राजवाडा, ज्याला निषिद्ध नगरी म्हणतात, तो सोमवारी बंद. तिकीट सात दिवस आधी, नावानिशी आणि पासपोर्ट नंबरासह ऑनलाइन काढावं लागतं. जुन्या पुस्तकात ‘दक्षिण दरवाजाच्या खिडकीवर घ्या’ असं लिहिलेलं असेल, त्यावर विसंबून गेलात तर भिंत बघून परत याल.

फोन तयार करायचा तो भारतातच. अलीपे हे पैसे भरायचं अ‍ॅप घ्या, पासपोर्टने ओळख पटवा, बँकेत सांगून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं कार्ड जोडा. आपलं यूपीआय तिथल्या दुकानात कामाचं नाही. अलीपेवर परदेशी कार्डाने २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला तीन टक्के लागतात, म्हणून मोठी बिलं हॉटेलात थेट कार्डाने देता आली तर बघा. थोडी रोकडही असू द्या, सुट्ट्या नोटांत. फेरीवाल्याकडे सुटे नसतात.

गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत. भारतातल्या सिमचं रोमिंग घेतलंत तर मात्र बहुधा चालतात, कारण रहदारी आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून जाते. नातवंडांशी बोलायचं असेल तर हाच सोपा उपाय. तरी चीनमध्ये गूगलचा नकाशा वापरू नका. चीनचे नकाशे सरकारी नियमाने एका वेगळ्या, मुद्दाम सरकवलेल्या मोजणीवर बनतात, त्यामुळे तुमचा ठिपका खऱ्या जागेपासून काही शे मीटर बाजूला पडू शकतो. तुम्ही रस्त्यावर आणि ठिपका तळ्यात. ‘गाओद’ नावाचा तिथला नकाशा घ्या. त्यात शोधायला चिनी नाव असलेलं बरं, आणि ते कुठून मिळणार? पुस्तकातून. चांगल्या गाइडबुकात प्रत्येक जागेपुढे चिनी अक्षरं छापलेली असतात. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात टिकाऊ भाग तो. जाणार असाल त्या पानांचे घरीच फोटो काढून ठेवा. टॅक्सीवाल्याला दाखवायला, नकाशात कॅमेऱ्याने वाचून घ्यायला, दोन्हीला तेच.

न नेण्याचं आणखी एक कारण नकाशाचंच. चीनच्या एका नामांकित इंग्रजी गाइडबुकाच्या प्रती विएतनामकडून जमिनीवरून येणाऱ्या प्रवाशांकडून सीमेवर जप्त झाल्याचे प्रकार घडलेत, कारण नकाशात तैवानचा रंग वेगळा होता. आपण हसायला नको. आपल्याकडेही परदेशी मासिकांतल्या काश्मीरच्या नकाशावर शिक्के पडतच होते. विमानाने जाणाऱ्याची बॅग कोणी एवढी उलगडत नाही, पण दीड किलो वजन आणि वर ही शंका, कशाला?

मग शिळं न होणारं काय? दोन-तीन गोष्टी ठामपणे सांगते.

एक, फसवणुकीची पानं. बीजिंगच्या वांगफूचिंगला किंवा शांघायच्या नानचिंग रस्त्यावर दोन हसऱ्या मुली येतात, आम्हाला इंग्रजीचा सराव करायचाय म्हणतात, गप्पा मारत चहा चाखायला एका खोलीत नेतात, आणि इवल्याशा चार कपांचं बिल हजारांत येतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हाही हे होतं, पुस्तकात होतं, आणि आजही आहे. कुठलंही पैसे भरायचं अ‍ॅप तुम्हाला हे सांगणार नाही, उलट त्या चहाचे पैसे निमूट भरून देईल. शीआन स्टेशनबाहेर मातीच्या पुतळ्यांचं प्राचीन सैन्य दाखवायला नेणाऱ्या ‘खास’ बसवाल्यांचंही तसंच.

दोन, जुन्या वस्तूंची गोष्ट. तुमच्या यादीत दुनहुआंग आहे हे पाहून बरं वाटलं. यादीतलं ते एकच नाव, जे पुस्तक न वाचता गेलात तर वाया जाईल. मोगाव लेण्यांत तुम्हाला मोकळं फिरता येत नाही. आधी दोन माहितीपट दाखवतात, मग बसने लेण्यांपाशी नेतात, मग मार्गदर्शक बाई एकेका लेण्याचं कुलूप काढते, विजेरीचा झोत भिंतीवर फिरवते, सात-आठ मिनिटांत बाहेर, पुन्हा कुलूप. पूर्ण तिकिटात आठ लेणी. ती तिकिटं संपली की दुसऱ्या प्रकारचं मिळतं, त्यात चारच. चित्रं असलेली लेणी आहेत ४९२. म्हणजे जे दिसणार ते ओंजळभर, आणि कुठली आठ हे तुम्ही ठरवायचं नाही. फोटो काढायला बंदी. त्या सात मिनिटांत फोनमध्ये डोकं घालून ‘हे काय आहे’ शोधणारे लोक मी पाहिलेत. झोत पुढे सरकलेला असतो. ज्याने अजिंठा दोनदा पाहिलाय आणि घरी बसून दुनहुआंगची पंचवीस पानं वाचलीत, त्याला झोत पडल्या क्षणी कळतं की हा नऊ रंगांचं हरीण होऊन जन्मलेला बोधिसत्त्व, ही नदी, हा बुडता माणूस, आणि कथा दोन्ही टोकांकडून मध्याकडे सांगितलीय. सतराव्या क्रमांकाची कोठडी बहुधा दाखवतात. एवढीशी, आपल्या देवघराएवढी. १९०० मध्ये तिची भिंत उघडली आणि आत हजारो पोथ्या निघाल्या. माहीत नसेल तर ती एक रिकामी कोठडी आहे.

पिंगयाव या जुन्या तटबंदीच्या शहराचंही तसंच. तटबंदी १३७० सालची, रस्ते अजून त्याच आखणीचे, त्यामुळे दहा वर्षं जुन्या पुस्तकातला पायी फिरायचा नकाशासुद्धा चालतो. १८२३ मध्ये तिथे हुंड्या वटवणारी पेढी निघाली तिचा वाडा बघा. फक्त स्टेशनकडे लक्ष. जलद गाड्यांच्या स्टेशनाचं नाव ‘पिंगयाव कूछंग’, म्हणजे पिंगयाव जुनं शहर, आणि ते जुन्या शहरापासून सात-आठ किलोमीटर लांब. साधं ‘पिंगयाव’ नावाचं जुनं स्टेशन मात्र तटाला लागून आहे.

शीआनला जाल तेव्हा मोठ्या वन्यहंस पॅगोड्याशी थोडं बसा. ह्युएनत्सांगाने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी ६५२ मध्ये तो बांधला. याच माणसाने सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्राबद्दल लिहून ठेवलंय: लोक मानी, उपकार न विसरणारे, अपमानही न विसरणारे. त्याने गावागावांतली अंतरं आणि दिशा इतक्या काटेकोर टिपल्या की बाराशे वर्षांनी अलेक्झांडर कनिंगहॅमने तेच वर्णन हातात धरून बौद्ध स्थळं शोधली. त्यात खानावळींचे भाव नव्हते म्हणून ते टिकलं असावं.

आता तुमची यादी कापते. ल्हासा काढा. तिबेटसाठी वेगळा परवाना लागतो, तो एजन्सीमार्फतच मिळतो आणि मार्गदर्शक सक्तीचा असतो, म्हणजे ‘आपलं आपण’ तिथे संपलंच. शिवाय ३,६५० मीटर उंचीवर दोन दिवस डोकं धरून बसण्यात जातील. ती वेगळी यात्रा करा. क्वेलिन काढा, फार आडवळणाला पडतं. चेंगदू केवळ पांडांसाठी असेल तर काढा, बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयात पांडा आहेत.

उरलं ते असं: बीजिंग पाच रात्री, त्यात एक दिवस मुथियान्यूला भिंत, बादालिंगला नको, तिथे गर्दीच फार. मग शच्याच्वांग एक रात्र. तिथून थायय्वानवरून पिंगयाव दोन रात्री, शीआन चार, दुनहुआंग तीन, आणि विमानाने शांघायला येऊन उरलेले दिवस. शीआन शान्शी प्रांतात आणि पिंगयावसुद्धा शान्शी प्रांतातच, पण हे दोन वेगळे शान्शी आहेत, शेजारी-शेजारी. रोमनमध्ये एका ‘ए’चा फरक. बुकिंग करताना प्रांताकडे बघूच नका, शहराची अक्षरं जुळवा.

शांघायहून एक दिवस सूचौच्या बागा करून या. जलद गाडीने अर्ध्या तासाचं काम. दुपारी परत निघताना बागेत वाट चुकलात तर ‘बाहेर’ या अर्थाचं अक्षर ओळखून ठेवा, स्टेशनात, भुयारी रेल्वेत, संग्रहालयात सगळीकडे तेच असतं: एकावर एक ठेवलेले दोन डोंगर, आणि शेजारी रिकामा चौकोन. ते दिसलं की त्या दिशेने चालू लागा.